वहिनीच्या माहेरचं शेवाळ

काल कापसावर फवारायला समुद्री शेवाळाच्या अर्काची बाटली उघडली. तो खारट वास आला आणि वीस वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवली.

थोरल्या वहिनीनं कोकणातल्या माहेरून वाळलेल्या शेवाळाचं पोतं आणलं होतं. "आमच्याकडे माडांना घालतात. इथं वांग्यांना घालून बघूया?" तिनं विचारलं.

मी नुकताच शेतकी शिकून आलो होतो. गड्यांसमोर हसून म्हणालो, "वहिनी, रान मिठानं जाळायलाव का आमचं?" आणि पोतं उकिरड्यावर उपडं केलं. गडी लय हसले. वहिनीनं रिकामं पोतं झटकून त्याची घडी घातली.

काल संध्याकाळी तिला त्याबद्दल "चुकलं माझं" म्हणालो, पण मान वर होईना.

"बाबांनी माझ्यासाठी उन्हात बसून वाळवलं होतं ते, भावजी," एवढंच ती म्हणाली.