हंगामबाई

आमच्या लॉजमध्ये फोनवर बसणाऱ्या बाईंना सगळे हंगामबाई म्हणायचे. मी तिथे सुतार होतो. त्यांच्याविषयी लिहायला माझ्यापेक्षा बरा माणूस हवा होता. पण त्या दिवशी तिथे असलेल्यांपैकी मीच उरलोय, म्हणून जमेल तसं लिहितो.

लॉज समुद्राला अगदी लागून होता. तीस खोल्या, प्रत्येक खोलीला समुद्राकडे लाकडी झडपांची खिडकी. दमट हवेनं दारं फुगायची, बिजागऱ्या गंजायच्या. माझं काम कधी संपलं नाही. बाईंचं टेबल जिन्याखाली. फोन वाजला की पलीकडून बहुतेक एकच प्रश्न यायचा, "तुमच्याकडे कधी यायला बरं?" बाई लगेच महिना सांगत नसत. कोण कोण येणार, घरात म्हातारं माणूस आहे का, मूल केवढं आहे, पाण्यात उतरणार की काठावरून बघणार, सगळं विचारून घ्यायच्या. मग दम्याच्या माणसाला थंडी सरतानाचे दिवस सांगायच्या. नव्या जोडप्याला म्हणायच्या, "या की भर पावसात, तुम्हाला कुठे खोलीबाहेर पडायचंय!" स्वयंपाकी मुद्दाम विचारायचा, "हंगामबाई, माझ्या लग्नाला कुठला हंगाम बरा?" त्या फोनवरून मान वर न करता म्हणायच्या, "तुमचा गेला."

एका काळाचं बुकिंग मात्र त्या घ्यायच्या नाहीत. पाऊस संपल्यानंतरचे पाच-सहा आठवडे. आभाळ स्वच्छ, ऊन कोवळं, समुद्र तेलासारखा पसरलेला. लॉजच्या भिंतीवरचे सगळे फोटो त्याच दिवसांतले. आणि वादळंही त्याच दिवसांत यायची. मालक कातावायचे.

"बाई, रिकाम्या खोल्यांत काय भुतं ठेवू?"

"ठेवा. त्यांना बुडायची भीती नाही."

मालक हसायचे, पण मी हसत नसे. पूर्वी अशाच एका वादळात तळमजल्यावरचे दोघं जण खोलीत अडकले. दार फुगून बसलं होतं. मी ते कुऱ्हाडीनं फोडलं तेव्हा उशीर झाला होता. त्यांचं बुकिंग बाईंनीच घेतलेलं होतं. आम्ही दोघं त्याबद्दल आयुष्यात एकदाही बोललो नाही.

बाईंचा मुलगा दूर आत, समुद्रापासून दोन दिवसांच्या वाटेवर नोकरीला होता. सात वर्षांत आला नव्हता. नात सहा वर्षांची झाली, तिला बाईंनी फोटोतच पाहिलेलं. एक दिवस मी टेबलाच्या अडकलेल्या ड्रॉवरला रंधा मारत होतो, तेव्हा त्याचा फोन आला. तो मोठ्यानं बोलायचा, मला ऐकू येत होतं.

"आई, रजा मिळालीय. पण याच महिन्यात. आत्ता नाही जमलं तर मग कधी, सांगता येत नाही. येऊ का?"

पाऊस संपून दहा दिवस झाले होते. बाईंनी काही म्हणजे काही विचारलं नाही.

"ये," म्हणाल्या. "हवा छान आहे."

फोन ठेवून माझ्याकडे बघितलं. मी रंधा चालू ठेवला. तेव्हा बोलायला हवं होतं का, हे मला अजून कळलेलं नाही.

ते आले. पहिले दोन दिवस बाईंचा पाय जमिनीवर नव्हता. नात आजीचा पदर सोडायची नाही. सून अबोल, पण चेहऱ्यानं प्रसन्न. तिसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला. झाडाचं पान हलत नव्हतं, तरी लांबून एकेक जाड लाट यायची, सावकाश, मोजून मापून. खेकडे वाळू सोडून पायऱ्या चढले होते, एक तर जिन्याखाली येऊन बसला. नातीला मजा वाटली. रेडिओवर सांगितलं, वादळ दूर आहे, दुसरीकडे वळेल. मालकांनी आवाज मोठा करून ते सगळ्यांना ऐकवलं.

बाई वर गेल्या आणि मुलाची बॅग भरायला लागल्या. मी त्याच खोलीची कडी बसवत होतो.

"काय चाललंय हे?" मुलगा म्हणाला.

"दुपारच्या गाडीनं निघा."

"आई, बाहेर बघ तरी! ढग नाही आभाळात."

"म्हणूनच."

"सात वर्षांनी आलो मी. रेडिओवर सांगतायत वादळ वळेल, सगळे ऐकतात, तुझंच काय मोठं? का आम्ही जड झालो तुला?"

बाई फ्रॉकची घडी घालत होत्या. "मीच तुला ये म्हटलं. दुसऱ्या कुणाला म्हटलं नसतं. चूक माझी आहे, बाळा, आणि त्या चुकीपायी या पोरीला मी इथे ठेवणार नाही."

"मग तू चल."

"वर मालकांनी अकरा खोल्या भरल्यात. त्यांना कोण उठवणार?"

तो चिडला तो चिडलाच. सुनेनं मात्र गुपचूप मुलीच्या पायात बूट घातले. जाताना मुलगा पाया पडला नाही. गाडी वळणाआड गेली आणि बाई तशाच परत येऊन फोनला बसल्या. उद्या-परवा येणाऱ्यांना एकेक करून सांगू लागल्या, येऊ नका. मालक समोर उभे राहून ओरडत होते. मग त्यांनी खिडकीतून समुद्र पाहिला आणि स्वतःच खोल्यांची दारं वाजवायला धावले. पाणी बरंच मागे हटलं होतं. आम्ही पाहुण्यांना गावातल्या शाळेच्या दगडी इमारतीत हलवायला घेतलं.

संध्याकाळी लाटांचा आवाज बदलला. मी खिडक्यांना आडव्या फळ्या मारत होतो. तेवढ्यात मुलाचा फोन आला. वाटेतल्या गावातून बोलत होता.

"इथे लख्ख ऊन आहे," तो म्हणाला. "उगाच घाबरवलंस. पोरगी रडतेय केव्हाची. आता परत ये म्हणू नकोस."

"ऊन आहे ना," बाई म्हणाल्या, "मग तिला टोपी घाल."

हे त्याला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. लाइन गेली होती. बाईंनी रिसीव्हर जागेवर ठेवला, उठल्या आणि माझ्या हातातल्या फळीचं दुसरं टोक धरलं.