शरयूताईंनी न लिहिलेले नकार

शरयूताई गेल्या महिन्यात, बुधवारी सकाळी साडेसातच्या सुमारास, राहत्या घरी वारल्या. हृदयविकाराचा झटका आला होता. त्या चालवत असलेला माहितीपट महोत्सव शनिवारी सुरू व्हायचा होता आणि कार्यक्रमपत्रिका छापून आली होती. वसंतरावांनी फोनवर आधी बातमी सांगितली. मग विचारलं, “मंगलला विचारून झालं होतं का? तुम्हाला काही बोलल्या होत्या?” मला त्या काही बोलल्या नव्हत्या.

महोत्सव म्हणजे पेठेतल्या एका शाळेचं सभागृह, घडीच्या खुर्च्या आणि दोन दिवस. कचरा, पाणी, घरकाम करणाऱ्या बायका, असे विषय. शरयूताई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि दारात स्वतः उभ्या राहत. उशिरा येणाऱ्याला म्हणत, “या. पडद्यावरचा समाज सुरू होऊन दहा मिनिटं झाली.” प्रोजेक्टर वसंतरावांकडे होता, ते बँकेतून निवृत्त झालेले. पत्रिकेचा मजकूर मी लिहीत असे. माझ्या वर्तमानपत्रातल्या नोकरीबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं : “तुम्ही आधी छापता, मग विचारता.”

त्या आधी विचारत. माहितीपटात जो कोणी स्वतःबद्दल बोलला असेल, त्याच्या घरी लॅपटॉप घेऊन जात, त्याचा भाग त्याला दाखवत आणि विचारत, “दाखवू का?” फोनवर विचारायला त्यांची तयारी नसे. फोनवर लोक हो म्हणून टाकतात, समोर बसलं की नाही म्हणायला वेळ मिळतो, असं त्यांचं म्हणणं. कुणी नाही म्हटलं तर तो माहितीपट वगळला जाई. पण नकार त्या कुठेही लिहून ठेवत नसत. लिहिला की दिग्दर्शकाला कळतो, मग तो त्या माणसाच्या दारात जाऊन बसतो... एकदा तसं घडलं होतं. त्यामुळे सगळी उत्तरं त्यांच्या डोक्यात असत आणि पत्रिका छापून झाली तरी शेवटच्या दिवशी त्या आम्हाला फक्त अंतिम यादी सांगत. ही यादी सांगायची राहून गेली.

बाकीच्या माहितीपटांतली माणसं आम्हाला दोन दिवसांत भेटली, त्यांना पुन्हा विचारून घेतलं. मंगल भेटली नाही. (हे नाव बदललं आहे, काही तपशीलही.) ती कचरा वेगळा करण्याचं काम करते. निखिल या तरुण दिग्दर्शकाने तिचं बोलणं काही वर्षांपूर्वी चित्रित केलं, तेव्हा तिची मुलगी शाळेत होती. आता मुलीचं लग्न झालंय. मंगल त्यात घरातली एक गोष्ट सांगते. ती मुलीच्या सासरी माहीत नाही. गोष्ट इथे लिहीत नाही.

गुरुवारी वसंतराव आणि मी कात्रजच्या पुढे तिच्या वस्तीत गेलो. दाराला कुलूप, फोन बंद. शेजारीण म्हणाली, “ती लेकीकडं गेली, बाळंतपणाला.”

“लॅपटॉप घेऊन एक बाई आल्या होत्या का?”

“आल्या की. दार लावून बसल्या दोघी. लई वेळ.”

“मग मंगल काय म्हणाली?”

“दार लावून बसल्या म्हणलं ना?”

मुलीच्या सासरी जाणं शक्य नव्हतं. कशासाठी आलो, हेच तिथे सांगता आलं नसतं. शेजारणीकडे नंबर ठेवून आम्ही परतलो.

शुक्रवारी सभागृहात खुर्च्या मांडताना निखिल म्हणाला, “सर, कन्सेंट फॉर्म आहे माझ्याकडे. साइन्ड. लीगली आपण क्लिअर आहोत.”

“हे तुम्ही शरयूताईंनाही सांगितलं होतंत,” वसंतराव म्हणाले.

“हो. ‘सही तुमच्याकडे असेल, चेहरा तिचा आहे,’ म्हणाल्या.” मग तो खालच्या आवाजात म्हणाला, “पण ती हो म्हणाली असेल तर? तिला बोलायचंच होतं, सर. आपण तिला गप्प करतोय.”

खुर्च्या तशाच ठेवून वसंतराव आणि मी निघालो. शरयूताईंच्या घरी वह्या, पिशव्या, लॅपटॉप, सगळं पुन्हा पाहिलं. मंगलचा भाग लॅपटॉपवर उघडलेला होता, शेवटापर्यंत पाहिलेला. त्यावरून एवढंच कळत होतं की तिला तो पूर्ण दाखवला होता.

शनिवारी चार वाजता वसंतरावांनी जाहीर केलं की पत्रिकेतला तिसरा माहितीपट होणार नाही. कारण सांगितलं नाही. कुणीतरी मागून विचारलं, “बंदी आली का?” वसंतराव नाही म्हणाले आणि चौथा सुरू केला. दाराकडे मी दोन-तीनदा पाहिलं. निखिल शेवटच्या रांगेत बसून होता.

पुढच्या बुधवारी दुपारी मंगलचा फोन आला. मागे लहान बाळ रडत होतं. ती हळू बोलत होती. बाईंना तिने उत्तर दिलंच नव्हतं. “विचार करून सांगते म्हणलं. त्या म्हणाल्या, सावकाश कर, मी परत येते. आल्याच नाहीत. घरी आल्या आणि मी नव्हते, असं झालं का?”

तसं झालं नव्हतं. काय झालं ते मी तिला सांगितलं.

“मग आता मला विचारायला कोण येणार?” तिने विचारलं. मी येतो म्हणालो. ती म्हणाली, “इथं नको. मी घरी गेल्यावर या.”

मंगल अजून मुलीकडेच आहे. माहितीपट दाखवलेला नाही.