गुहेत जोडप्याने

नेदरलँड्समध्ये फेल्डहोवनला राहणाऱ्या आमच्या मराठी मंडळींना कुठलीही गोष्ट नुसती करवत नाही. आधी ग्रुप लागतो, ग्रुपला नाव लागतं आणि नावाला शोभेल असा टी-शर्ट लागतो. भूमध्य समुद्रात स्कूबा डायव्हिंग करायचं ठरलं, तेव्हा एकालाही धड पाण्याखाली जाता येत नव्हतं, पण टी-शर्ट घरपोच आले होते. माझ्या नवऱ्याचा एक नंबर लहान निघाला. तो म्हणाला, धुतल्यावर सैल होईल.

आम्ही तीन जोडपी. तिन्ही नवरे चिप बनवायच्या यंत्रांच्या कंपनीत, एकाच मजल्यावर. मीही त्याच धंद्यात, पण ग्रुपमध्ये मी फक्त वहिनी. सहलीची कल्पना नवऱ्यांची होती, गुहेची हौस मात्र माझी. माल्टाशेजारच्या गोझो बेटाजवळच्या एका गुहेचा व्हिडिओ मी पाहिला होता. पाण्याखालून आत शिरायचं, काळोखातून थोडं पुढे जायचं, मग वर यायचं की खडकाच्या पोटात कोंडलेल्या हवेत डोकं निघतं. तिथून खाली मागे पाहिलं की ज्या दारातून आलो ते दार निळंशार उजळलेलं दिसतं. ते दार मला आतून बघायचं होतं. लग्नानंतर इतकी सरळ, फक्त स्वतःपुरती इच्छा मला दुसरी झाल्याचं आठवत नाही.

हिवाळाभर आम्ही इथल्या पोहण्याच्या तलावात शिकलो आणि वसंतात खऱ्या तळ्यात उतरलो. डच तळ्यातलं पाणी म्हणजे आठवडाभर फ्रिजमध्ये राहिलेलं पालकाचं सूप. हात लांब केला की स्वतःची बोटं दिसत नाहीत. आमची प्रशिक्षिका साठीची डच बाई, तोंडावर बोलणारी. माझ्या नवऱ्याला ती म्हणाली, "तू श्वास घेत नाहीस, हवा गिळतोस." नवऱ्याने हे आपल्या फुप्फुसांचं कौतुक समजून घरी फोन करून आईला सांगितलं.

पाण्यात प्रत्येकाला एक जोडीदार लागतो. एकाची हवा ठरलेल्या खुणेपर्यंत आली की दोघांनीही परत फिरायचं. त्यामुळे जोड्या लावताना कोण किती हवा वापरतं ते बघतात. गोझोला निघण्याआधी बाईने विचारलं, "कोण कुणाबरोबर?"

आम्ही सहाही जण तिच्याकडे बघत राहिलो. हा काय प्रश्न झाला? सत्यनारायणाला कोण कुणाबरोबर बसतं? तिथे नवरा सगळी पूजा करतो आणि बायको त्याच्या उजव्या हाताला हात लावून बसते, की तिलाही पुण्य पोचतं.

"विथ वाइफ, ऑफ कोर्स," नवरा म्हणाला.

"तुमची हवा सारखी संपत नाही. हे चूक आहे," बाई म्हणाली.

"आमच्यात जोडप्यानेच करतात," नवऱ्याने तिला समजावलं. ती खांदे उडवून आपल्या सायकलकडे गेली.

गोझोला बाई आमच्याबरोबर आली होती. पहिल्या दिवशी गुहेच्या तोंडाशी तिने थांबवून प्रत्येकाचा हवेचा काटा बघितला. माझ्याकडे भरपूर हवा होती. नवऱ्याचा काटा खुणेच्या खाली गेला होता. वाटेत त्याने एका ऑक्टोपसचा पाठलाग केला होता आणि छायाचित्रासाठी छाती फुगवून धरली होती. बाईने आम्हा दोघांना बोटाने मागे वळवलं. दार माझ्यासमोर होतं, हात लावता येईल इतकं जवळ. मी संतापले होते. मास्कच्या आत रडता येतं हे मला त्या दिवशी कळलं. फक्त नाकही झाकलेलं असतं, त्यामुळे पुसता येत नाही.

बोटीवर चढल्या चढल्या नवरा म्हणाला, "हिला जरा भीती वाटली, म्हणून फिरलो."

मी थक्क होऊन त्याच्याकडे बघितलं. तेवढ्यात दुसरी जोडी वर आली. त्या बायकोलाही भीती वाटली होती. मग तिसरी आली. तिलाही वाटली होती. तीन शिकल्यासवरल्या बायकांना भीती वाटली, आणि तीही बरोबर आपापल्या नवऱ्याची हवा संपताना.

"होतं वहिनी असं," नवऱ्याचा मित्र मला म्हणाला आणि सांत्वन म्हणून त्याने मीच केलेला बेसनाचा लाडू मला दिला. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, हे आम्हा तिघींच्या इतकं अंगवळणी पडलेलं की आम्ही तिघींनी लाडू खाल्ले.

संध्याकाळी भाड्याच्या फ्लॅटमध्ये नवरे बाल्कनीत बसून समुद्राच्या प्रवाहांवर चर्चा करत होते. आम्ही आत पिठलं ढवळत होतो. एक जण म्हणाली, "मला अजिबात भीती वाटली नव्हती गं." दुसरी म्हणाली, "मलाही नाही." पिठलं खाली लागलं, तरी कुणी गॅस बारीक केला नाही.

सकाळी बोटीवर बाईने सवयीने पुन्हा विचारलं, "कोण कुणाबरोबर?"

"आम्ही तिघी. तुझ्याबरोबर," मी म्हणाले.

नवरा हळूच मराठीत म्हणाला, "अगं, लोक काय म्हणतील?"

"खाली कोण लोक आहेत? मासे?"

नवरे बेटावरच्या वाटाड्याबरोबर उथळ खडकाभोवती फिरायला गेले. आम्ही गुहेत शिरलो. काळोखात पुढचीच्या पायातले पंख तेवढे दिसत होते. मग डोकं वर निघालं आणि मास्कच्या काचेवरून पाणी ओघळून गेलं. वर ओला काळा खडक, खाली ते निळं दार. इतकं निळं, की मी मोठ्याने ओरडले असते. पण तिथली हवा कोंडलेली म्हणून बाईने तोंडातली नळी काढू दिली नाही. बरंच झालं. नाहीतर आमच्यापैकी कुणीतरी ग्रुप फोटो काढू या म्हणालं असतं. आम्ही तिघी नुसत्या तरंगत होतो, आणि मी मनापासून सुखात होते.

परतीच्या विमानात मी हे सगळं नवऱ्याला सांगितलं. त्याने फार मन लावून ऐकलं. मला वाटलं, त्याला पश्चात्ताप होतोय.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे सत्यनारायण होता. गुरुजी पुण्याहून लॅपटॉपवर. मी रीतसर हाताला हात लावून बसले. आरती झाली, शिरा वाटला गेला, आणि नवऱ्याच्या आवाजात मला माझीच वाक्यं ऐकू आली. "आत किट्ट काळोख. मग आम्ही डोकं वर काढलं, तर वर ओला खडक आणि खाली दार. निळंशार!" नायमेखनहून आलेल्या एका बाईंनी शिऱ्याचा चमचा हातातच धरून विचारलं, "आणि आत वास कसा येतो हो?"

हे मी विमानात सांगितलं नव्हतं. "खारट," नवरा म्हणाला. "जरा शेवाळासारखा."

"पण मास्कने तर नाक झाकलेलं असतं ना?" त्या बाई म्हणाल्या.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले आणि तो माझ्याकडे.

"आत मी गेले होते," मी म्हणाले. "हा बाहेरून हाताला हात लावून होता. पोचलं त्याला."