आण्णांचं देवकार्य

आमच्या कारखान्यात आण्णांच्या लेखी रजेचं कारण एकच होतं: देवकार्य. कुणाला कावीळ झाली, देवकार्य. कुणाची बायको रुसून माहेरी गेली आणि तो तिला आणायला गेला, देवकार्य. साताऱ्याच्या एमआयडीसीत मी एचआरला रुजू झाले आणि टाइम ऑफिसातलं रजेचं रजिस्टर उघडलं, तेव्हा मला हसू आवरेना. एकाच माणसाची एका महिन्यात चार देवकार्यं! मी वाईची, घाटावरच्या देवळांत वाढलेली. पण इतकी देवकार्यं आख्ख्या वाईत होत नसतील.

"आण्णा, हे काय?"

चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "आवं मॅडम, मानूस येनार न्हाई येवढं कंपनीला कळलं की बास झालं. का येनार न्हाई, ते त्येचं त्येला."

आण्णा शिराळ्याकडचे. टाइम ऑफिसात बावीस वर्षं काढलेली. कामगार खिडकीशी वाकून खरं कारण त्यांच्या कानात सांगायचा, आण्णा मान डोलवायचे आणि चिठ्ठीवर देवकार्य लिहायचे. सुपरवायझर खोदून विचारायला लागला की म्हणायचे, "गड्या, देवाचं हाय. देवालाच इचार की." स्वतः वर्षातून एकच रजा घ्यायचे, गावच्या नागपंचमीची. "समद्या रजिस्टरात खरं देवकार्य माझं एकट्याचं," असं म्हणून पोट धरून हसायचे.

मग सॉफ्टवेअर आलं. आलं कसलं, मीच आणलं. त्यात रजेचं कारण भरल्याशिवाय पान पुढे सरकायचं नाही, आणि कारणांच्या यादीत देवकार्य नव्हतं. मागच्या तीन वर्षांच्या रजाही खऱ्या कारणांसकट भरायच्या होत्या. आमचे मॅनेजरसाहेब म्हणाले, "कारणं त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात आहेत. काढून घ्या." दाढ काढावी तसं म्हणाले, आणि मी गेले काढायला.

दोन दिवस आण्णांनी दाद दिली नाही. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "आजारपणाची नोंद असली की त्या माणसाला बसून करायचं काम देता येईल, आण्णा." असं होणार आहे का, हे मी कुणालाही विचारलं नव्हतं. मला आपलं वाटलं होतं, होईल.

आण्णांनी खिडकी ओढून घेतली. मग हळूच म्हणाले, "मग त्या सुनंदाचं लिवा." सुनंदा पॅकिंगला होती, कंत्राटावर. आठ तास उभं राहायचं काम. "दोनदा दिवस ऱ्हायलं, दोनदा पोटातलं गेलं. डॉक्टर म्हनतोय, उभं ऱ्हाऊ नगं. दुसऱ्या डावाचं तर सासूलाबी म्हाईत न्हाई. तिचं उभं ऱ्हायाचं बंद हुईल न्हवं?"

"होईल, आण्णा. आणि हे कुणालाही कळणार नाही."

महिन्याभरात साहेबांच्या स्क्रीनवर सुनंदाच्या नावापुढे लाल ठिपका आला. 'लांब रजेची शक्यता: जास्त.' साहेब चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "परत प्रयत्न करणारच ना ती. बाळंतपणाची रजा मागायच्या आत कंत्राट संपवा. छान डेटा आणलात हं, मॅडम." मी म्हटलं, "सर, हे तिने विश्वासाने सांगितलं होतं." तर म्हणाले, "रुजू होताना सगळ्या माहितीच्या वापराला सही दिलीय तिने." ती सही मीच घेतली होती, 'इथे कर, इथे कर' म्हणत, न वाचू देता. शी! त्या ठिपक्याची, त्या भिजून लोंबणाऱ्या बिस्किटाची आणि 'बरं सर' म्हणून बाहेर आलेल्या माझ्या थोबाडाची मला अजून किळस येते.

सुनंदाचं उभं राहायचं खरंच बंद झालं. वर सुपरवायझरने तिला गेटवर सगळ्यांदेखत सांगितलं, "दोनदा पोटातलं गेलंय ना, आता घरी बस, निवांत पोरं होऊ दे." चारजणी तिच्याच गावच्या होत्या. संध्याकाळच्या आत सासूला दुसऱ्या वेळचंही कळलं असणार. नालायक आम्ही सगळे, तिथं नुसते उभे राहिलेले. सुपरवायझरकडे नाही, माझ्याकडेही नाही, सुनंदा सरळ टाइम ऑफिसच्या खिडकीशी गेली.

"आण्णा, तुमास्नीच तेवढं सांगितलं हुतं," म्हणाली आणि गेली.

आण्णा त्या दिवसापासून खिडकीत बसेनात. खुर्ची मागे भिंतीला लावून बसायचे. कामगारही कानाशी येईनासे झाले. मोबाइलवर बोट दाबून यादीतलं कुठलंतरी कारण निवडायचे. आठवड्याने आण्णांनी राजीनामा आणून माझ्या टेबलावर ठेवला. निवृत्तीला दोन वर्षं होती.

राजीनामाही सॉफ्टवेअरमध्येच भरायचा होता. मी त्यांच्यासमोर बसून भरायला लागले. नाव झालं, विभाग झाला, कर्सर कारणापाशी येऊन थांबला.

"आण्णा, कारण काय लिहू?"

"देवकार्य."

"ते घेत नाही हे," मी म्हटलं. "खरं काय ते सांगा ना."

आण्णांनी चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला आणि उठले.

"खरं एक डाव सांगितलं की तुमास्नी, मॅडम."