गोतेत्सूला नावं ठेवणारा कुरामोची

माझ्या कॉफीच्या दुकानात दर रविवारी दुपारी खिडकीपाशी तीन शहाणे बसायचे. त्यांतला सगळ्यांत मोठ्या तोंडाचा म्हणजे तेरुहिको कुरामोची. माझं दुकान ओसाकाच्या निप्पोनबाशीत, जुन्या खेळण्यांच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत. त्यामुळे निम्मी गिऱ्हाइकं पिशवी छातीशी धरून, आतल्या खोक्याला कुणाचा धक्का लागू नये म्हणून कोपरं बाहेर काढून आत शिरतात. कुरामोचीही तसाच शिरायचा आणि बसायच्या आधीच ओरडायचा, "यासुए ताई, यंदाचा बघितलास? संपला गोतेत्सू! मढं झालंय त्याचं!"

गोतेत्सू म्हणजे खेळण्यातला पोलादी यंत्रमानव. कुरामोची शाळेत जायला लागला त्या वर्षी पहिला निघाला आणि तेव्हापासून दर वसंतात नवा निघत आला. कधी शिंगं, कधी पंख, कधी पोटात तोफ. ह्या माणसाने एकही वर्ष चुकवलं नव्हतं. आई गेली ते वर्ष त्याच्या हिशेबी 'पंखवाल्याचं वर्ष'. कारखान्यात बोट मोडलं ते 'निळ्या शिंगाचं वर्ष'. मी म्हणायचे, "अरे, देवळातल्या गेलेल्यांच्या वहीत नाव घातलंयस ना आईचं? तिथली तारीख सांग." तर डोकं खाजवायचा.

दिवसभर तो इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात वाफेत उभा असायचा. तिथे तोंडातून शब्द नाही. घरी कुणी नाही. एकदा एक स्थळ आलं होतं, भेट माझ्याच दुकानात ठरली. बाई चांगली होती, हसरी. ह्याने तिला गोतेत्सूच्या गुडघ्यातला धातूचा सांधा काढून प्लास्टिकचा घालणं ही कशी शुद्ध फसवणूक आहे ते समजावलं. कॉफी संपायच्या आत बाई उठली. मी म्हटलं, "गुडघ्याचं काय घेऊन बसलास, मेल्या?" तर म्हणतो, "तिनेच विचारलं ना, छंद काय म्हणून!"

तर असा माणूस. त्याचं सगळं बोलणं, हसणं, भांडणं त्या रविवारच्या दोन-तीन तासांत उरकायचं आणि ते तास त्या खेळण्याच्या जिवावर चालायचे. दर वसंतात नवा गोतेत्सू येणार, मग वर्षभर त्याची हजामत होणार. ते थांबलं असतं तर ह्या माणसाला बोलायला कुणी उरलं नसतं. मला हे दिसत होतं, त्यालाही कळत असणार.

भांडायला समोर निशिगाकी. टॅक्सी चालवायचा, गोतेत्सूवर आंधळी माया. तिसरी सायोको, औषधांच्या दुकानात कामाला, दोघांपेक्षा पुष्कळ लहान. ती गोतेत्सूचे फक्त शत्रू, म्हणजे खेळण्यातले राक्षस, गोळा करायची.

"तेच ते, तेच ते!" कुरामोची टेबलावर खोका उघडून नव्या गोतेत्सूचा हात पिरगाळत म्हणायचा. "गेल्या वर्षीचाच साचा, वर लाल रंग फासलाय. कल्पनाच आटल्यात लेकांच्या."

"अरे येड्या, खांदा बघ ना खांदा! असा फिरत होता का कधी?" निशिगाकी उसळायचा.

"खांदा फिरतो, पण डोकं कुणाचं फिरलंय? हे विकत घेणाऱ्याचं!"

"मग तू का घेतलास, काका?" सायोको विचारायची.

"शेवटचा! पुढच्या वर्षी घेतला तर नाव बदलीन."

आणि पुढच्या वसंतात दुकान उघडायच्या आधी रांगेत पहिला हाच उभा. आई पोराला कार्ट्या म्हणते ना, तसली त्याची नावं ठेवायची रीत. आम्हाला कळायचं.

परक्यांना कसं कळणार?

एका शरदात कंपनीने ओसाकातल्या एका हॉटेलात जुन्या चाहत्यांचा मेळावा बोलावला. गोतेत्सू शिळा होत चाललाय का, मोकळेपणाने बोला, असं आमंत्रण. कुरामोची महिनाभर माझ्याकडे तालीम करत होता. कॉफी गार व्हायची, ह्याचं भाषण चालूच.

निशिगाकीने त्याला डिवचलं. "इथे वाघ आहेस. तिथे सुटातली माणसं समोर दिसली की 'फार सुंदर, फार सुंदर' म्हणत माना हलवशील. पैज लाव."

कुरामोचीचे कान लाल झाले. "बघच तू."

मीही दुकानाला कुलूप लावून गेले. असला तमाशा कोण सोडतं! मंचावर कंपनीचा उएकी नावाचा तरुण अधिकारी बसला होता, चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. लोक उठत होते, आभार मानत होते, बसत होते. मग कुरामोची उठला. आधी आवाज फुटेना. त्याने मागे वळून निशिगाकीकडे बघितलं आणि मग जो सुटला!

"तुम्ही आम्हाला तोच भात पुन्हा पुन्हा गरम करून वाढताय," तो म्हणाला. "शिंगं बदलता, रंग बदलता. उचलला तर हाताला वजन लागत नाही. ज्याला वजन नाही तो पोलादी कसला? पोरं फसतील, आम्ही फसणार नाही. असलाच काढायचा असेल तर बंद करा! बंद करून टाका!"

सभागृहात टाळ्यांचा नुसता कडकडाट. मागून आणखी चार जण उठले, "बरोबर आहे, बंद करा" म्हणाले. उएकी उभा राहिला, कमरेत वाकला आणि म्हणाला, "आपली कळकळ आमच्यापर्यंत पोहोचली."

परत आल्यावर कुरामोचीने ऑम्लेटात गुंडाळलेला भात मागवला, वर दुसरी प्लेट मागवली. "पोहोचली म्हणाला, ताई! ऐकलंस ना? आता बघ, गुडघ्यात धातू येतो की नाही." निशिगाकी त्याच्या पाठीत गुद्दे घालत होता. इतक्या वर्षांत मी त्या माणसाला एवढा आनंदात कधी बघितला नव्हता.

नववर्षाची सुट्टी संपली आणि पहिल्याच रविवारी सायोकोने आपल्या फोनवर आलेलं कंपनीचं निवेदन वाचून दाखवलं. चाहत्यांचा प्रामाणिक कौल मान्य करून आम्ही गोतेत्सूला सन्मानाने निरोप देत आहोत. येत्या वसंतापासून नवा गोतेत्सू निघणार नाही.

"कौल? कुणाचा कौल?" कुरामोचीने विचारलं.

"तुझा!" निशिगाकी म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बंद करा म्हणालास ना? केलं त्यांनी."

"अरे, पण ते मी... ते तसं नव्हतं म्हणायचं मला."

"आम्हाला माहीत आहे रे कसं म्हणायचं होतं! त्या पोराला काय माहीत? मारलास तू त्याला. जिवंत होता, तू मारलास."

माझं डोकं तडकलं. "आणि ह्याला डिवचलं कुणी, निशिगाकी? पैज कुणी लावली?"

निशिगाकीने टोपी उचलली आणि दार आपटून गेला. मी कुरामोचीला पाणी दिलं तर पेला ओठाला लावून तसाच बसला, प्यायला नाही.

आठवड्याने त्याने कारखान्यातून रजा काढली, मिठाईचा खोका घेतला आणि तोक्योला कंपनीच्या दारात गेला. शब्द मागे घेतो, हवं तर जमिनीवर डोकं टेकतो, पण बंद करू नका, हे सांगायला. परतला तो स्टेशनवरून थेट माझ्याकडे. मिठाईचा खोका नव्हता, म्हणजे कुणीतरी भेटलं होतं.

"उएकी-सान स्वतः खाली आले," तो म्हणाला. "चांगला मुलगा आहे गं. त्याला वाईट वाटलं. म्हणाला, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. हे मेळाव्याच्या खूप आधी ठरलं होतं. साचेसुद्धा मोडीत निघाले होते."

"मग मेळावा कशाला घातला?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाला, जुन्या लोकांना मन मोकळं करता यावं म्हणून."

जळलं मेलं त्यांचं मन मोकळं करणं! मी तिथे असते तर तो खोका त्या पोराच्या डोक्यात घातला असता. पण दुसऱ्या बाजूने मला हायसंही वाटलं. मी फोनकडे धावले. "म्हणजे तुझा काडीचा दोष नाही! थांब, निशिगाकीला आत्ताच्या आत्ता सांगते."

कुरामोचीने माझा हात धरला. इतक्या वर्षांत त्याने मला कधी हात लावला नव्हता.

"नको, ताई. पाया पडतो. त्याला नको सांगूस."

"का रे? खुनी म्हणतोय तुला तो!"

"म्हणू दे ना. चिडलाय तोवर कधीतरी भांडायला तरी येईल. आधीच ठरलं होतं असं कळलं तर भांडणार कशावरून? मी बोललो काय, न बोललो काय, सगळं सारखंच होतं म्हटल्यावर आमच्यात राहिलं काय?"

मी फोन खाली ठेवला.

मग तो दर रविवारी येऊन बसायला लागला, तोंड दाराकडे करून. निशिगाकी काय म्हणेल आणि आपण काय उत्तर द्यायचं, ते मला ऐकवायचा. "तो म्हणेल, सगळं खांद्यात होतं. मी म्हणेन, खांदा घाल चुलीत!" आणि एकटाच हसायचा. सायोको दोनदा आली, मग तिला दुसरे कुठलेसे राक्षस सापडले. लहान आहे, तिचं चुकलं असं नाही.

चेरी फुलायच्या सुमारास एका रविवारी दार उघडलं आणि निशिगाकी आत आला. कुरामोची ताडकन उठला. बाह्या सावरल्या, छाती काढली, डोळे असे चमकायला लागले की मला वाटलं, आता माझे कप फुटणार. फुटू देत, म्हटलं.

निशिगाकी टेबलापर्यंत आला. टोपी काढली, कमरेत वाकला, मिठाईचा खोका दोन्ही हातांनी पुढे केला.

"कुरामोची-सान, त्या दिवशी मी नको ते बोललो. मनावर घेऊ नका."

"नाही, नाही! बरोबरच बोललास तू. मीच मारला त्याला. बस ना. बोल की, काय बोलायचं ते!"

"अहो, जाऊ द्या. शेवटी खेळणंच ते. मी माझे सगळे विकून टाकले. घरात केवढी जागा झाली, बायको खूश आहे. तुम्हीही तब्येतीला जपा."

"शिव्या दे ना रे," कुरामोची म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता. "एक तरी दे."

निशिगाकी ओशाळून हसला, बाहेर टॅक्सी उभी आहे म्हणाला, मलाही वाकून नमस्कार केला आणि दार हळूच लावून गेला.

कुरामोची खोका हातात धरून तसाच उभा होता.

"माफ करून गेला मला, ताई," तो म्हणाला. "आता कशाला येईल तो?"

मी कप उचलले आणि टेबल पुसायला लागले.