बत्तिशीचा आहेर

क्वमारनमध्ये इदवाल बेवनला सगळे ‘पाववाला इदवाल’ म्हणत. वेल्समधल्या त्या कोळशाच्या खोऱ्यात बेवन पैशाला पासरी होते, त्यामुळे आडनावापेक्षा धंद्यावरून माणूस लवकर सापडायचा. इदवाल पाव झकास भाजायचा, चॅपेलमध्ये खर्जात गायचा आणि दारूच्या थेंबाला शिवायचा नाही. अपवाद फक्त दाढदुखीचा. दाढ ठणकली की व्हिस्कीचा घोट तिच्यावर धरून ठेवावा लागतो, आणि धरलेला घोट शेवटी कुठे जातो याला त्या बिचाऱ्याचा काही इलाज नव्हता. त्याची दाढ दर शनिवारी ठणकायची.

इंग्लंडच्या राणीच्या डोक्यावर मुकुट चढला त्या वर्षी, म्हणजे १९५३ साली, त्याच्या एकुलत्या एका मुलीचं, मेन्नाचं लग्न ठरलं. गावची जुनी रीत अशी, की ऐपतदार बापाने लग्नाआधी लेकीचे सगळे दात काढून घ्यायचे आणि वरची-खालची कवळी बसवून तिला सासरी धाडायचं. मग जन्मात दातदुखी नाही, बाळंतपणात दात हलायची धास्ती नाही, नवऱ्याच्या खिशाला भोक नाही. दात चांगले असले म्हणून काय झालं? आज ना उद्या किडणारच की! इदवालच्या बायकोला, काइनवेनला, तिच्या बापाने हाच आहेर केला होता. शेजारच्या मटणवाल्या ह्यूनेही गेल्या वर्षी पोरीला कवळी दिली, तेव्हापासून इदवालला चैन नव्हतं. पावाची गाडी घेऊन तो दारोदार सांगत सुटला, “आमच्या मेन्नालाही दोन्ही जबडे नवे बरं का!”

मिरवायची हौस होती हे खरं, पण ती वरवरची. इदवालची आई दाढेच्या गळवाने गेली होती. तोंड सुजून, तापात बरळत. तेव्हा तो शाळेत होता. लेकीवर ती पाळी येऊ नये, एवढंच त्याला मनापासून हवं होतं.

मेन्नाची एकच दाढ किडली होती. बाकीचे दात असे, की बघणाऱ्याने बघत राहावं. तिने बापापुढे दाताच्या कण्या केल्या.

“बाबा, एका दाढेपायी सगळे कशाला?”

“एक बटाटा सडला की अख्खं पोतं सडतं.”

“मग तुम्ही पोतंच दरीत फेकता होय?”

“आगाऊपणा पुरे. तुझ्या आईनं कधी तक्रार केली? विचार तिला.”

काइनवेन मोजा विणत होती. ती विणतच राहिली.

गुरुवारी अर्धा दिवस दुकान बंद ठेवून तिघं दवाखान्यात गेली. जुने डॉक्टर निवृत्त झाले होते. ते आधी चिमटा उचलायचे आणि मग ‘कुठला?’ विचारायचे. त्यांच्या जागी आलेले डॉक्टर मॉस्टिन तरुण होते, आणि इदवालच्या मते फार वेळ बघत बसत.

“सुंदर दात आहेत,” मेन्नाच्या तोंडातला आरसा काढत ते म्हणाले. “एका दाढेत कीड आहे, तीही खोल नाही. कोरून चांदी भरतो. हिरड्यांतून रक्त येतं ते दातांवर कीटण साचल्यामुळे. खरवडून काढलं की थांबेल.”

“कोरायचं-बिरायचं काही नाही,” इदवाल म्हणाला. “सगळे काढायचे.”

“का?”

“लग्न आहे.”

“जावयांचं म्हणणं आहे का तसं?”

“त्याला काय विचारायचं? तो वायरमन आहे.”

डॉक्टरांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. “तुम्ही एकाच बाजूनं बोलताय. गालही सुजलाय. जरा बसा बघू खुर्चीत.”

“मला काही झालेलं नाही.”

“बसा हो बाबा,” मेन्ना म्हणाली. “मुंगी चावल्यासारखं वाटतं फक्त, घरी तुम्हीच तर म्हणालात.”

लेकीसमोर माघार कशी घ्यायची? इदवाल बसला. डॉक्टरांनी दाढेवर आरशाच्या दांडीने नुसतं टिचकवलं, आणि चॅपेलमध्ये वीस वर्षं खर्जात गाणाऱ्या माणसाने असा वरचा सूर लावला, की बाहेर बसलेले लोक टोप्या उचलून उभे राहिले.

“मुळाशी पू झालाय,” डॉक्टर म्हणाले. “आतली नस मेली आहे. मुळं साफ करून भरली तर दाढ वाचेल, पण चार खेपा पडतील. नाहीतर आत्ता काढून टाकतो.”

“काढू नका!” इदवालने दोन्ही हातांनी गाल झाकला. “माझी दाढ आहे ती!”

मग काइनवेनला हसू फुटलं. ती इतकी हसली की वरची कवळी निसटली आणि तिला ओठांवर हात दाबावा लागला. कवळी जागेवर बसली तेव्हा तिचं हसू ओसरलं होतं.

“इदवाल, लग्न झाल्यापासून मी तुझ्या पावाची कड एकदाही चावलेली नाही.”

“अगं, पण मी रोज तुझ्यासाठी खरपूस कडेचा तुकडा बाजूला काढतो!”

“तो कोंबड्या खातात.”

इदवालचा आ वासलेलाच राहिला.

“लहान होते तेव्हा तुमच्या दुकानातला गरम पाव घरी नेताना वाटेतच कडा कुरतडून संपवायचे. मार खायचे त्यापायी. पाववाल्याच्या पोराशी लग्न ठरलं तेव्हा काय हरखले होते मी! आणि दात गेले.”

“मग बोलली का नाहीस कधी?”

“बापाच्या आहेराला नावं कशी ठेवायची?”

इदवाल खुर्चीतून उठला. त्याने मेन्नाकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

“पोरीची दाढ भरा,” तो म्हणाला. “एवढंच. गावाला काय सांगायचं ते मी बघतो.” मेन्नाने त्याचा सुजलेलाच गाल धरून मुका घेतला, आणि तो पुन्हा एकदा ओरडला.

“बाईंची कवळीही बघायला हवी,” डॉक्टर म्हणाले. “दात गेले की जबड्याचं हाड झिजत जातं, म्हणून ती ढिली पडते. नव्या मापाची करून देतो. हळूहळू कडही चावता येईल.”

“तिची आधी घ्या. माझी दाढ थांबेल.”

काइनवेन बसली, पण ओठ घट्ट मिटून. सगळ्या संसारात तिने नवऱ्यासमोर कवळी काढली नव्हती. तो पहाटे भट्टीवर जायचा, ती मागून उठायची, म्हणून निभावलं होतं.

“तू बाहेर जा,” ती म्हणाली.

“मी बघत नाही.” इदवालने भिंतीकडे तोंड केलं आणि हात मागे करून तिचा हात चाचपून धरला. कवळी बशीत ठेवल्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने त्याचा हात तिने ओढला.

“बघ आता,” ती बोळक्या तोंडाने म्हणाली.

त्याने वळून पाहिलं, आणि त्याला रडू आवरेना. बाहेरच्या लोकांना वाटलं, पाववाल्याची दाढ काढली.