गोगलगाईंनी खाल्लेली मिशी

विहीर खोदणारा जोतीराम बोलायचा भारी, पण खोदायचा त्याहून भारी. घणाचा घाव चुकला की स्वतःलाच शिवी हासडायचा आणि त्याच जागी तोच घाव पुन्हा घालायचा. अक्कलकोटजवळच्या माळावर चुलतवहिनी गोजरबाईची विहीर त्यानं धरली आणि पहिल्या नारळालाच मिशीला पीळ देऊन बोलून बसला, "वैनी, पाणी न्हाय लागलं तर ही मिशी तुमच्या म्होरं उतरवतो."

मिशी काय थोडकी होती! चहा पिताना तिला एका हातानं बाजूला धरावं लागायचं.

काळा पाषाण लागला. सुरुंगाला दाद देईना तिथं जोतीरामनं घण चालवला, कमरेतून, श्वास सोडत. खाली अचानक राखाडी, ठिसूळ थर निघाला. त्यानं एक चीप उलटी केली आणि तळातूनच बोंब ठोकली, "वैनी, दगडात गोगलगाई! गोगलगाय हाय तितं पाणी हाय की!"

नारळ फुटला. शिरा शिजला. हलगी कडाडली. जोतीराम माती उपसायच्या यारीच्या बादलीत नाचतच वर आला.

गोजरबाईची नात पायल सोलापुरात भूगर्भशास्त्र शिकते. चीप बघून तीही हलगीवर नाचायला लागली. "तात्या, हितं तळं होतं! आधी लाव्हा आला, थंड झाला, त्यावर तळं साचलं. मग वरून पुन्हा लाव्हा. कवच बघा किती पातळ! म्हणजे पाणी संथ होतं, गोडं होतं."

"मग पाणी कुटं हाय?"

"आटलं."

"कवा?"

"साडेसहा कोटी वर्षं झाली असतील."

हलगी थांबली. गोजरबाई हसून हसून खाली बसली. "भावजी, जरा उशीर झाला की तुमाला यायला!"

जोतीराम पुन्हा उतरला. थर संपवला, खालचा पाषाणही फोडला. टिपूस नाही. वर येऊन त्यानं वस्तरा मागितला.

पायल आडवी आली. "आजी, पाणी नाही, पण तळं तर काढलं ना त्यांनी?"

"विहिरीचं काय, पावसाळ्यात भरंल," गोजरबाई म्हणाली. "मिशीचा न्याय मी करते. निम्मी उतरवा!"

निम्मी उतरली. उरलेली निम्मी जोतीराम आजही तेल लावून पिळतो. सोलापुरात सात रस्त्याच्या चौकात टपरीवर कुणी विचारलंच, "तात्या, दुसरी बाजू कुठं गेली?" तर तो याचीच वाट बघत असतो.

"गोगलगाईंनी खाल्ली," म्हणतो आणि खिशातून चीप काढतो. "ह्या बघा. बसा, चहा सांगा. लई जुनी गोष्ट हाय."